जाताना इंद्रायणी, येताना इंद्रायणी

लोणावळ्याला एका दिवसात काय काय पाहून होईल, असं मला दर पावसाळ्याच्या तोंडावर कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याकडे यादी बहुधा तयारच असते. भुशी धरण, टायगर पॉइंट, नागफणी, राजमाची पॉइंट, कार्ले, भाजे, लोहगड, पवनेचा जलाशय आणि निघताना चिक्की. यादीतली एकही जागा टाकाऊ नाही. पण ती करताना घाटातली गर्दी, पायऱ्यांची चढण, जेवणाचा तास आणि बरोबरच्या माणसांचे गुडघे यांचा हिशेब कुणी केलेला नसतो. मग दिवसभर गाडीच्या काचेतून लोणावळा दिसतो, पाहणं मात्र होत नाही.

या दिवाळीनंतर आम्ही चौघं लोणावळ्याला गेलो, तेव्हा दिवस कसा आखावा हे मला माझ्या मामेभावाकडून शिकायला मिळालं. दादा क्रूझ जहाजावर खानपान विभागात नोकरीला आहे. आठ-नऊ महिने समुद्रावर आणि मग काही आठवडे घरी, असं त्याचं आयुष्य. भूमध्य समुद्रातली बंदरं त्याला आपल्या स्टेशनांसारखी पाठ आहेत. जहाज सकाळी बंदराला लागतं आणि संध्याकाळी सुटतं. तेवढ्या वेळात हजारो प्रवासी एखादं शहर पाहून यायला निघतात. कुणाचा दिवस साधतो आणि कुणाचा हातचा जातो, हे त्याने जहाजाच्या जिन्यावरून वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

तो म्हणाला, "जहाज आठला लागतं म्हणून प्रवासी आठपासून वेळ मोजायला लागतो, तिथेच हिशेब फसतो. उतरायला वेळ लागतो, बंदराबाहेर पडायला वेळ लागतो. सुटायची वेळ पाच असली, तरी साडेचारला सगळ्यांनी वर असलं पाहिजे. कधी चारलाच. जहाज एकट्या माणसासाठी थांबत नाही." त्याने रोमचं उदाहरण दिलं. रोमला जाणारी जहाजं चिव्हिटावेक्किया या बंदराला लागतात आणि तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर आहे. जाण्यायेण्यातच तीन-साडेतीन तास जातात. तरी लोक कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्हीचं कारंजं आणि वर बाजार असा बेत करून निघतात. जे फक्त कोलोसियम आणि त्याच्या लगतचा जुना भाग पाहून परततात, ते रात्रीच्या जेवणाला बसल्यावर रोमबद्दल बोलतात. बाकीचे रोमच्या वाहतुकीबद्दल बोलतात, असा त्याचा अनुभव.

लोणावळ्याला जाणारा मुंबईकर याच प्रवाशासारखा असतो. त्याचं जहाज म्हणजे आगगाडी. आम्ही मुंबईहून सकाळी पावणेसहाच्या सुमाराला सुटणारी इंद्रायणी एक्स्प्रेस धरायची असं ठरवलं. ती आठच्या आतबाहेर लोणावळ्याला पोचते. पुण्याहून परत येणारी इंद्रायणी संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला लोणावळ्याला येते, तिची परतीची तिकिटं काढली. वेळापत्रकं बदलत असतात, म्हणून निघण्याआधी एकदा तपासून घ्यावं. बरोबर सत्तरी ओलांडलेली मावशी, अभियांत्रिकीला असलेला माझा भाचा, दादा आणि मी. मावशीला एकवीरेचं दर्शन हवं होतं, भाच्याला लोहगड हवा होता, मला लेणी हवी होती. दादाला काही नको होतं. "मला जमिनीवर चालायला मिळालं की झालं," तो म्हणाला.

त्याने वही घेतली आणि परतीच्या गाडीपासून उलटं लिहायला सुरुवात केली. साडेसातची गाडी, म्हणजे साडेसहाला स्टेशनवर. त्याआधीचा अर्धा तास मोकळा, त्यात काहीही ठरवायचं नाही. मग सकाळकडून: आठला गाडीतून उतरलो की चहा-नाश्ता आणि वाहन ठरवणं यात एक तास. लोणावळा ते कार्ले, कार्ले ते भाजे आणि भाजे ते पुन्हा लोणावळा, मिळून तीसेक किलोमीटर. एवढ्याला अंतर म्हणून तासभर पुरावा, पण रस्ता म्हणून दोन तास धरायचे. जेवणाला एक तास. मावशीच्या विसाव्याला एक तास, आणि तो वेगळा लिहून ठेवायचा. साडेअकरा तासांतून हे सगळं वजा केल्यावर खरं पाहण्यासाठी पाच तास उरले. पाच तासांत काय बसतं, असा प्रश्न आता समोर होता आणि त्याचं उत्तर यादीपेक्षा फार सोपं होतं. दोन ठिकाणं नीट बसतात. तिसरं कोंबावं लागतं.

भाच्याचा लोहगड तिथे गळला. गाडीने लोहगडवाडीपर्यंत गेलं तरी चढणं, विंचूकाटा या गडाच्या लांबट सोंडेच्या टोकापर्यंत जाणं आणि उतरणं यात तीन तास सहज जातात, आणि मावशीला तेवढा वेळ पायथ्याशी बसवून ठेवावं लागलं असतं. भाचा थोडा हिरमुसला. दादाने त्याला सांगितलं की लोहगड हा दुपारच्या उरल्यासुरल्या वेळात उरकण्याचा गड नाही, त्याला त्याचा स्वतःचा दिवस द्यावा. ते खरंच आहे. शिवाजी महाराजांनी १६४८ मध्ये घेतलेला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्यावा लागलेला आणि १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आलेला हा गड २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक वळणं घेत वर नेतात. प्रत्येक वळणावर थांबून, इथे शत्रूची काय गत झाली असती याचा विचार करायला वेळ हवा.

कर्जतला गाडी थांबली तेव्हा पुरतं उजाडलं होतं. इथे गाडीच्या मागे जादा इंजिनं लावतात, कारण पुढे बोरघाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. एवढा खडा चढ पुढच्या इंजिनांच्या एकट्या ताकदीचा नाही, मागून रेटा लागतो. मावशी आयुष्यभर या मार्गाने गेली आहे, पण मागे इंजिन का लागतं हे तिने प्रथमच विचारलं आणि भाच्याने तिला ते मन लावून समजावलं. हा लोहमार्ग १८६३ मध्ये पुरा झाला. काम १८५६ मध्ये सुरू झालं होतं. मध्येच ठेका घेणारा सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच काळात वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, ठेका सोडला नाही. नेमलेल्या अभियंत्यांकरवी तिने काम पुढे चालवलं. हजारो मजुरांनी कातळ फोडून बोगदे काढले, दऱ्यांवर कमानी उभ्या केल्या. त्या मजुरांची नावं कुठे कोरलेली नाहीत. ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा अशी एकेक जागा मागे पडते, बोगद्याचा काळोख आणि दरीचा उजेड आळीपाळीने डब्यात येतात. घाट पाहायला वेगळा वेळ काढावा लागत नाही, तो तिकिटातच आलेला असतो. म्हणून मुंबईहून जाणाऱ्याने शक्यतो रेल्वेनेच जावं, असं मी म्हणेन.

लोणावळ्याला उतरलो तेव्हा हवेत बोचरा गारवा होता. समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपासची ही जागा. पावसाळ्यात इथे चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कार्तिकात ते सगळं पाणी जमिनीत मुरलेलं असतं आणि डोंगर अजून हिरवे असतात. आम्ही मुद्दाम आठवड्यातला मधला वार निवडला होता. शनिवार-रविवारी या गावात सगळी मुंबई आणि अर्धं पुणं असतं, आणि पाच तासांचे तीन तास व्हायला वेळ लागत नाही. स्टेशनबाहेर पोहे आणि चहा झाला. दिवसभरासाठी एक गाडी ठरवली. कुठे कुठे जायचं, किती वेळ थांबायचं आणि किती पैसे, हे सगळं चालकदादांशी बसण्याआधीच बोलून घेतलं. चिक्कीची दुकानं समोर होती, मगनलालची पाटी दिसली की मावशीचा पाय अडतो. पण खरेदी परतताना करायची असं वहीत लिहिलेलं होतं. पाच किलोची पिशवी घेऊन लेण्याच्या पायऱ्या चढण्यात काही अर्थ नाही.

कार्ल्याला आधी जायचं की भाज्याला, यावर मी आदल्या रात्री बराच विचार केला होता. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं तोंड पश्चिमेला आहे. म्हणजे ऊन आत शिरतं ते दुपार कलल्यावर, आणि नक्षी पाहायची तर तीच वेळ बरी. पण कार्ल्याला पायऱ्या जास्त आहेत आणि मावशी सकाळच्या गारव्यातच चढू शकली असती. वाहन अर्ध्या डोंगरापर्यंत जातं, तरी पुढची चढण खडीच आहे. उजेड की गुडघे, यात गुडघ्यांना पहिला मान दिला. लेणी नऊला उघडतात. आम्ही साडेनऊच्या पुढेमागे पायथ्याशी पोचलो आणि हार-नारळाच्या दुकानांमधून हळूहळू वर निघालो. प्रत्येक वळणावर मावशी थांबे, खाली पसरलेल्या मावळाकडे पाही आणि पुन्हा चालू लागे.

वर पोचल्यावर चैत्याच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे. कोळी, आगरी, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू आणि इतर कित्येक घरांची ही कुलस्वामिनी. चैत्रात मुंबई-ठाणे-रायगडच्या कोळीवाड्यांतून पालख्या इथे येतात, तेव्हा या डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत आणि नवरात्रात लेणी निवांत पाहायचा बेत करू नये. तेव्हा यायचं ते देवीसाठीच. आम्हाला रांग लहान मिळाली. मावशीने खण-नारळ दिला, ओटी भरली आणि देवळाबाहेर सावलीत बसली. "माझा दिवस झाला," ती समाधानाने म्हणाली. "आता तुम्ही तुमचं बघा." तिचा तासाचा विसावा तिथेच सुरू झाला.

देवळाला लागूनच चैत्याचं प्रवेशद्वार. समोर सिंहस्तंभ उभा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं हे चैत्यगृह भारतातल्या कातळात खोदलेल्या चैत्यांमध्ये सर्वांत मोठं आहे. लांबी जवळजवळ अडतीस मीटर, उंची चौदा मीटरच्या घरात. आत शिरल्यावर आकड्यांचं भान राहत नाही. दोन्ही बाजूंना स्तंभांच्या रांगा, तळाशी घट, वर घंटेच्या आकाराचं कमळ आणि त्यावर गुडघे टेकून बसलेले हत्ती, हत्तींवर जोडीने बसलेली माणसं. प्रत्येक जोडीचा चेहरा वेगळा, दागिना वेगळा. छताला लाकडी कमानी आहेत. त्या मूळच्याच आहेत, दोन हजार वर्षांच्या. टोकाला स्तूप आणि स्तूपावर लाकडाचीच छत्री, तीही मूळची. खरं तर कातळातल्या छताला लाकडी कमानींचा आधार लागतच नाही. पण खोदणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर लाकडी चैत्यगृह होतं आणि त्या रूपाशिवाय त्यांना प्रार्थनेची जागा प्रार्थनेची वाटली नसावी.

भाचा एका स्तंभावरच्या ब्राह्मी अक्षरांपाशी बराच वेळ उभा होता. या लेण्यात कुणी एका राजाने सगळा खर्च केलेला नाही. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातलं उत्तम शैलगृह पूर्ण केलं असं एक लेख सांगतो. पण स्तंभ निरनिराळ्या लोकांनी दिलेले आहेत. धेनुकाकट या गावाचं नाव पुन्हा पुन्हा येतं. दात्यांमध्ये यवन आहेत, म्हणजे पश्चिमेच्या समुद्रापलीकडून आलेली माणसं. सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, सुतार आहे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून उतरलेला माल बोरघाटाने वर चढून देशावर जात असे, आणि त्या वाटेवर ही लेणी आहेत. दादाने हे ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे जहाजातून उतरून इथवर येणारे लोक तेव्हाही होते." तो मग एकेक स्तंभापाशी थांबत सबंध फेरी मारून आला. बंदरातल्या माणसांना तो रोज पाहतो. इथे त्यांनी मागे ठेवलेलं दान त्याला दिसलं.

कार्ल्याला आम्ही अडीच तास दिले आणि एकदाही घड्याळाकडे पाहून पळावं लागलं नाही. पायऱ्या उतरून साडेबाराच्या सुमाराला जेवायला बसलो. पिठलं-भाकरी, ठेचा आणि मग वाफाळता भात. मावळातल्या भाताची चव मला फार आवडते. इथल्या खाचरांत इंद्रायणी जातीचा तांदूळ पिकतो, तो वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला आहे. किंचित चिकट, सुवासिक आणि गरम असताना नुसत्या तुपाबरोबरही पोटभर खावासा वाटणारा. दिवाळीच्या पुढेमागे भातकापणी चालू असते. रस्त्याच्या कडेला पेंढ्या रचलेल्या होत्या, बायका उन्हात झोडणी करत होत्या. भूक भागवण्यापुरतं काहीतरी पोटात ढकलून पुढे पळायचं असं आम्ही केलं असतं, तर हा तास गेला नसता आणि ही चवही मिळाली नसती.

कार्ले आणि भाजे यांच्यामध्ये इंद्रायणीचं खोरं आहे. उत्तरेच्या डोंगरात कार्ले, दक्षिणेच्या डोंगरात भाजे, आणि मधून नदी, जुना महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि रेल्वे असं सगळं एकमेकांच्या सोबतीने गेलं आहे. मळवली स्टेशन या दोन्हींच्या मध्ये पडतं. पुण्याहून येणाऱ्याला तर लोणावळ्यापर्यंत यायची गरजच नाही. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरलं की भाजे चालत गाठता येतं. फक्त दुपारी लोकल विरळ असतात, तेवढं ध्यानात ठेवावं. मळवलीजवळच्या पुलावर आम्ही गाडी थांबवली. समोर विसापूरचं रुंद पठार आणि त्याच्या पलीकडे लोहगड. दादाने भाच्याला तो दाखवला आणि माघ-फाल्गुनात आपण दोघं पहिल्या गाडीने येऊ असं त्याच ठिकाणी ठरलं. लोहगड त्या दिवशी आमच्या यादीतून गेला होता, पण त्याच्या भेटीचा दिवस पक्का झाला.

भाज्याची चढण कार्ल्याच्या मानाने लहान. मावशी या वेळीही वर आली, कारण तिला मध्ये पूर्ण विश्रांती मिळाली होती. भाज्याची लेणी कार्ल्याच्या आधीची, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. एकूण बावीस. इथलं चैत्यगृह उघडं आहे. समोरची लाकडी भिंत केव्हाच गेली, ती बसवायच्या खाचा कातळात राहिल्या आहेत. आतले सत्तावीस स्तंभ साधे, अष्टकोनी, आणि ते सरळ उभे नाहीत, किंचित आत झुकलेले आहेत. लाकडी घरात छताचा भार भिंती बाहेर ढकलू नये म्हणून खांब तिरके लावत. दगडात त्याचं कामच नव्हतं. तरीही खोदणाऱ्यांनी ते तसेच कोरले. कार्ल्यात हा कल गेला, स्तंभ ताठ उभे राहिले आणि त्यांच्या माथ्यावर हत्ती आणि माणसं आली. सकाळी कार्ले आणि दुपारी भाजे पाहिलं की दगडाच्या कामाचा अडीचशे वर्षांचा प्रवास एका दिवसात उलट्या क्रमाने डोळ्यांसमोरून जातो. ही दोन ठिकाणं एकत्र पाहावीत असं मी सांगते, त्याचं खरं कारण हे आहे. अंतर जवळ आहे हे दुय्यम.

भाज्याचं तोंडही पश्चिमेला. आम्ही दोनला पोचलो होतो, तीनपर्यंत ऊन चैत्याच्या आत आलं आणि स्तंभांच्या सावल्या स्तूपावर पडल्या. चैत्यगृहाच्या दक्षिणेला लहानमोठ्या चौदा स्तूपांचा समूह आहे, काही कातळाखाली, काही उघड्यावर. त्यातल्या काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची नावं कोरलेली आहेत. त्यांच्या स्मरणार्थ ते उभारले. पुढे एका विहारात दाराच्या दोन्ही अंगांना दोन मोठी शिल्पं आहेत. एकात रथावर बसलेला सूर्य, एकात हत्तीवरचा इंद्र. त्याच बाजूला दोन्ही हातांनी तालवाद्य वाजवणारी एक स्त्री आणि तिच्या शेजारी नाचणारी दुसरी. मावशी गाणं शिकलेली आहे. ती त्या शिल्पापुढे हात पाठीमागे बांधून कितीतरी वेळ उभी राहिली आणि वाजवणारीच्या बोटांकडे पाहत म्हणाली, "हिला ठेका समजलाय."

पावणेचारला आम्ही खाली आलो. लोणावळ्यात परतलो तेव्हा साडेचार वाजत आले होते आणि दोन तास हातात होते. इथे चालकदादांनी आपणहून विचारलं, "आता भुशी, टायगर पॉइंट करून देऊ का?" त्यांचं विचारणं चांगल्या मनाचं होतं. पण त्या बाजूला जाणारा रस्ता एकच आहे. तो भुशी धरण आणि नौदलाच्या आयएनएस शिवाजीवरून पुढे जातो, आणि गर्दीत अडकलो तर उलटं फिरण्याचीही सोय राहत नाही. जहाज चुकण्याच्या गोष्टी दिवसाच्या शेवटच्या दोन तासांतच घडतात, असं दादा म्हणाला. आम्ही नको म्हटलं.

भुशीबद्दल आणखी एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात मुलं होती. पाणी गुडघ्याएवढं असताना ते तिथे उभे होते. डोंगरावर पाऊस झाला आणि लोंढा क्षणात आला. त्यानंतर पावसाळ्यात प्रशासन अशा ठिकाणी वेळेची आणि जाण्याची बंधनं घालतं. ती बंधनं सहलीच्या आड येतात अशी कुरकुर मी पुष्कळ ऐकली आहे. ती पाळावीत. घाटमाथ्यावरचं पाणी वरच्या पावसाने वाढतं, आपण जिथे उभे असतो तिथे आकाश मोकळं असलं तरीसुद्धा. उशीर झालेला असताना, अंधार पडत असताना, "आलोच आहोत तर" म्हणून पाण्यात उतरणं हा धोका कुणीही घेऊ नये.

उरलेला वेळ आम्ही चालण्यात घालवला. मावशीला एका ओळखीच्या घरी चहाला सोडलं. आम्ही तिघं गावाच्या कडेने फिरत राहिलो. या गावाभोवतीच्या पाण्याची गोष्ट मला फार लक्षणीय वाटते. इंद्रायणी कुरवंडे गावाजवळ उगम पावते आणि पूर्वेला वळून देहू, आळंदीवरून पुढे तुळापूरला भीमेला मिळते. पण लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथे टाटांनी पाणी अडवलं, ते घाटाखाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ पासून त्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. एकाच माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक वाटा वारकऱ्यांच्या देहू-आळंदीला जातो आणि दुसरा मुंबईच्या दिव्यांत. लोणावळा म्हणजे नुसते पॉइंट नाहीत, हे मुलांना सांगायचं असेल तर हीच गोष्ट सांगावी.

सहाला चिक्की घेतली, शेंगदाण्याची आणि तिळाची, शिवाय मावशीच्या नातवंडांसाठी फज. साडेसहाला स्टेशनवर होतो. इंद्रायणीला पंधरा मिनिटं उशीर झाला आणि आमच्यापैकी कुणालाही त्याचं ओझं वाटलं नाही. मावशी बाकावर बसून भाच्याला देवीची जुनी गाणी सांगत होती. भाचा लोहगडासाठी गाड्यांच्या वेळा पाहत होता.

मुंबईच्या बॅलार्ड पिअरला एका दिवसासाठी उतरणाऱ्या जहाजांच्या प्रवाशांनाही लोणावळा दाखवावा का, असं मी दादाला गाडीत विचारलं. तो नाही म्हणाला आणि मला ते पटलं. घाट चढून उतरण्यातच त्यांचा दिवस जाईल. त्यांना घारापुरी किंवा कान्हेरी दाखवावी. दोन्ही सोमवारी बंद असतात एवढं फक्त आधी पाहावं. कार्ले-भाजे ज्यांना पाहायचं आहे, त्यांनी मुंबईत किंवा पुण्यात एक रात्र राहून यावं.

माझा सल्ला थोडक्यात असा. परतीची गाडी आधी ठरवा आणि दिवस तिच्यापासून मागे मोजा. बरोबर वडीलधारी माणसं असतील तर कार्ले आणि भाजे, तरुण असाल तर सबंध दिवस लोहगडाला, लहान मुलं असतील तर यातलं एकच काहीतरी. पावसाळ्यात धबधब्यापासून दूर राहा, सुट्टीचे वार टाळा, जेवण आणि विसावा यादीत लिहा. लेण्यांमध्ये हळू बोला आणि भिंतींवर नावं कोरू नका. तिथे आधीच ज्यांची नावं आहेत, त्यांनी त्यासाठी स्तंभ दिलेले आहेत. एका दिवसात लोणावळा आणि मावळातली दोन ठिकाणं मनासारखी पाहून होतात. तिसरं पुढच्या खेपेसाठी ठेवा.